डब्याचा भागधारक

आयव्हर ट्रेझाइझची सगळी उमेदीची वर्षं पाणी आहे की नाही हे बघण्यात गेली.

फ्लिंडर्सच्या डोंगरांपलीकडे, रस्ता संपून नुसती चाकोरी उरते तिथं, मुलक्का नावाचं गुरांचं कुरण आहे. कुरण आपलं म्हणायचं. लाल माती, गुडघ्याएवढी खारट झुडपं आणि लांब लांब अंतरावर एकेक बोअर. बोअरशेजारी टाकी, टाकीखाली हौद. गुरं त्या हौदांच्या भरवशावर जगायची आणि हौद आयव्हरच्या. सकाळी पिकअप काढायची, कुत्र्याला मागं चढवायचं आणि बोअरमागून बोअर करत निघायचं. टाकीवर टिचक्या मारून पाणी कुठवर आहे ते ऐकायचं, पंप खोकत असेल तर त्याला ताळ्यावर आणायचं, पाण्यावर तरंगणारा फ्लोट अडकला असेल तर सोडवायचा. सगळ्यात टोकाचं बोअर काडना. तिथं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा.

डोरीन, त्याची बायको, मुलक्काच्या मुख्य घरात स्वयंपाक करायची. जेवणवेळेला ती भिंतीवरच्या रेडिओ सेटवरून त्याला हाक मारायची.

"आहेस का गेलास?"

"आहे."

"मग ये लवकर. मटण गार होतंय."

एवढंच त्यांचं दुपारचं बोलणं. तेवढं झालं की दोघं आपापल्या कामाला लागायची.

एका जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, आयव्हर काडनाहून निघाला आणि त्याची पाठ वळताच तिथला पंप बंद पडला. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघावी. पुढची फेरी तिथवर पोचली तेव्हा हौदाभोवती गुरं आडवी झाली होती. काहींनी कोरड्या हौदाच्या काठावर माना टाकल्या होत्या. यात कुणाची चूक नव्हती. हेक्टर डनमोर, मुलक्काचा मॅनेजर, त्याला एका शब्दानं बोलला नाही. पण तेव्हापासून आयव्हरच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. आपण समोर असताना हौदात पाणी असतं. पाठ वळली की काय होतं? जेवताना तो मध्येच घास हातात धरून थांबायचा. डोरीन म्हणायची, "काडनाला गेलास वाटतं. ये परत, डाळिंबासारखं तोंड लाल झालंय उन्हानं, आधी पाणी पी."

अशात एके दिवशी हेक्टरनं त्याला बोलावलं. शेजारी एक बुटकीशी, मोठ्या टोपीखाली जवळजवळ हरवलेली बाई उभी होती.

"ही थुई लाम. अ‍ॅडलेडहून आलीय. हिला काडनाला घेऊन जा. हिच्याकडे एक डबा आहे."

"कसला डबा?"

"ते तिलाच विचार. मला तिनं दोनदा सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली."

वाटेत थुई भडाभडा बोलत होती. तिच्या वडिलांची अ‍ॅडलेडच्या उत्तरेला काचघरं होती, काकड्यांची. थंडीत काचघरातली ऊब टिकतेय ना हे बघायला ते सारखे उठायचे, जेवणावरून उठायचे, पाहुण्यांमधून उठायचे. "माझ्या लग्नातसुद्धा दोनदा उठून गेले," ती म्हणाली. आयव्हर हसला नाही. त्या म्हाताऱ्याला न बघताच त्यानं ओळखलं.

वाटेवरच्या एकुलत्या एका टेकाडावर तिनं डब्याचे निरोप झेलणारा खांब आधीच उभा करून ठेवला होता. काडनाला पोचल्यावर ती शिडीनं टाकीवर चढली आणि कडेला तो डबा बसवला. शाळेतल्या पोराच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा, वर बोटभर अँटेना. आतून एक वायर टाकीतल्या फ्लोटला. बस्स. आयव्हरला वाटलं, बाकीचं सामान गाडीत राहिलं असेल.

"आता गंमत," थुई खाली उतरून म्हणाली. "डोरीनबाईंना सेटवर बोलवा. त्यांच्या ओट्यावर मी एक स्क्रीन ठेवून आलेय."

आयव्हरनं गाडीतल्या सेटवरून हाक मारली. "डोरीन, काय दिसतंय?"

"काय दिसणार? एक रेघ आहे. आडवी. माझे हात कणकेत आहेत, काय ते लवकर सांग."

थुईनं त्याच्या हातात काठी दिली. "फ्लोट खाली दाबा."

आयव्हरनं टाकीवर चढून फ्लोट दाबला. खाली गाडीचं दार उघडं होतं. थोडा वेळ सेटवर नुसती खरखर. मग डोरीनचा आवाज आला.

"अगं बाई! रेघ खाली गेली."

त्यानं काठी उचलली.

"वर आली. आयव्हर, तू काय करतोयस तिथं?"

थुईनं खालून गाडीतल्या सेटवर उत्तर दिलं. "काठीनं फ्लोट दाबतायत."

"काठीनं?"

"काठीनं."

 मग डोरीन हळू आवाजात म्हणाली, "तो तिथं काठी दाबतोय आणि इथं माझ्या कणकेशेजारी ती हलतेय?" आणि थोड्या वेळानं, "पुन्हा करायला सांग."

त्यानं पुन्हा केलं. परत केलं. दाबायचा, सोडायचा. त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल दोन तासांच्या रस्त्यापलीकडे, त्या रिकाम्या मुलुखावरून, कुठंही न दिसता, बायकोच्या ओट्यावर जाऊन उमटत होती. रेडिओ त्याला नवा नव्हता. पण रेडिओवर माणूस बोलतो, माणसाला तोंड असतं. आज टाकीतलं पाणी बोललं होतं. 

शेवटी डोरीनच ओरडली, "आता बस कर! पाव फुगून पातेल्याबाहेर आलाय."

परतताना आयव्हरनं विचारलं, "एवढ्याशा डब्यात जोर किती असेल?"

"तुमच्या टॉर्चच्या बल्बाहून कमी."

"टॉर्च इथून त्या टेकाडापर्यंत दिसत नाही."

"नाहीच दिसत. डब्यातून निघालेलं जवळजवळ सगळं वाटेत विरून जातं. उरतं ते इतकं बारीक की आजूबाजूच्या खरखरीच्याही खाली दबलेलं असतं. पण तो एकच सूर ठरावीक चालीनं चढत जातो. ती चाल माहीत असली की खरखरीतूनही तो वेचता येतो. जत्रेतल्या गलक्यात आईला आपलं पोर ऐकू येतं ना, तसं."

आयव्हरनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तशीच गाडी चालवत राहिला.

वर्षभरात सगळ्या बोअरांवर डबे बसले. मग एका सकाळी हेक्टर अंगणात येऊन उभा राहिला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला, मग हातातली टोपी गोल गोल फिरवायला लागला.

"आयव्हर, आता ती रोजची फेरी..."

"लागणार नाही," आयव्हर म्हणाला.

"महिन्यातून दोनदा कुणी गेलं तरी भागेल. ते पोरं करतील. तू राहा हवं तर, कुंपणाचं काम..."

"कुंपण मला कधी आवडलं नाही, हेक्टर."

डोरीननं त्या दिवशी भांडी अशी घासली की चमक आली नाही, पोचे आले. "इतकी वर्षं! आणि एक जेवणाचा डबा येतो आणि माझ्या नवऱ्याला घरी बसवतो!" आयव्हर तिला म्हणाला, "डोरीन, पण तूच म्हणालीस ना, पुन्हा कर." त्यावर ती जास्तच भडकली.

ती दोघं खाली क्वॉर्न गावात राहायला आली. तिथं त्यांचं छोटं दगडी घर होतं. समोरच्या गल्लीत आल्फ पेनरोज राहायचा, जुना इंजिन ड्रायव्हर. बायको गेली, इंजिन गेलं, आणि आल्फनं शेअर बाजार धरला. बेकरीत खिडकीजवळच्या टेबलाशी तो क्वान्डाँग नावाच्या रानफळाच्या आंबट-गोड पायचे, म्हणजे सारण भरलेल्या पेस्ट्रीचे, तुकडे पाडत बसायचा आणि येईल त्याला बाजार समजावून सांगायचा. आयव्हरनं त्याच्याच वर्तमानपत्रात वाचलं की थुईची कंपनी, कोरेला वायरलेस, शेअर बाजारात येतेय.

"मला हे घ्यायचेत," आयव्हर म्हणाला.

आल्फनं चमचा खाली ठेवला. "ज्यानं तुझ्या पोटावर पाय आणला, त्याचेच पाय धरायला निघालास?"

"पाय कुठले, शेअर म्हणतोय मी."

"लेका, तुला शेअर म्हणजे काय माहीत आहे का?"

"कंपनीचा बारीकसा तुकडा. मालकी."

"बरं. आणि त्या कंपनीनं अजून एक दमडी नफा केलेला नाही, हे?"

"नाही माहीत. पण मी टाकीवर उभा होतो, आल्फ. मी काठी दाबली आणि डोरीनला कळलं." तो टेबलावर पुढं झुकला. "तुला इंजिन पहिल्यांदा हललं तेव्हा कसं वाटलं होतं?"

आल्फनं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "चल, माझ्या कॉम्प्युटरवरून घेऊ."

मुलक्का सोडताना मिळालेली रक्कम कॅरव्हानसाठी बाजूला ठेवली होती. डोरीनला गाडीमागं घर जोडून पश्चिमेच्या किनाऱ्यानं फिरायचं होतं. रंगसुद्धा ठरलेला होता. आयव्हरनं तिला विचारून त्यातली अर्धी घेतली. विचारलं म्हणजे, तो विचारत राहिला आणि ती शेवटी "कर काय करायचं ते" म्हणाली. त्याला त्यानं होकार धरलं.

पहिलं वर्ष नुसती चढण. कुठल्याशा शहरानं सगळ्या नळांच्या मीटरवर कोरेलाचे डबे बसवायचं ठरवलं. शेअर दुप्पट झाला, तिप्पट झाला. बेकरीवाली स्वतः पिठाच्या हातांनी आल्फला विचारायला लागली. गावात आयव्हरला लोक टोपी उचलून हाक मारायचे, "काय भागधारक!" आल्फनंही घेतले, भाव सगळ्यात उंच होता तेव्हा. डोरीन कॅरव्हानची चित्रं पुन्हा बघायला लागली. "आता वीक," ती म्हणाली. "मोठी घेऊ. दोन खाटांची."

"थांब थोडं."

"कशासाठी?"

 विकायचं म्हणजे तो डबा आपला नाही म्हणायचं. आणि तसं म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती.

मग जगभर साथ आली आणि बाजार कड्यावरून पडावा तसा पडला. कोरेला त्याच्यापुढं. जेमतेम सावरतोय तोवर कुठल्याशा मोठ्या परदेशी कंपनीनं जाहीर केलं की आम्ही हेच थेट उपग्रहांवरून करू, खांबबिंब काही नको. कोरेला पुन्हा खाली. एकदा एका दिवसात पाचवा हिस्सा गेला, दुसऱ्या दिवशी त्यातला निम्मा परत आला, आठवड्यानं तोही गेला. आल्फ सकाळी एक, दुपारी एक असे दोन वेगवेगळे चेहरे घेऊन हिंडायचा. शेवटी एका सोमवारी त्यानं सगळे विकून टाकले आणि मंगळवारी शेअर वर गेला. तो दोन दिवस घराबाहेर आला नाही.

"तुझा डबा डबघाईला आला," डोरीन म्हणाली.

आयव्हरनं तिच्यासमोरच मुलक्काला फोन लावला. "हेक्टर, काडनाचा डबा चालतोय का?"

"चालतोय की. का रे?"

"काही नाही. बॅटरी बदलली?"

"अजून पहिलीच आहे."

आयव्हरनं फोन ठेवला. "बघ. बाजार पडला म्हणून तो बोलायचा थांबला का? बाजाराला काय, सकाळी उठून तापमान बघितलं तरी तो पडतो. मी डबा धरून चालतो."

"डबा चांगला म्हणून कंपनी जगेल असं थोडंच आहे?" डोरीन म्हणाली. "झकास पाव करणाऱ्या बेकऱ्या बंद पडलेल्या मी बघितल्यात. आणि वाईट पाव विकणाऱ्या अजून चालतायत." हे खरं होतं. आयव्हर बागेत जाऊन अंजिराच्या झाडाला पाणी घालत बसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आल्फकडे जाऊन कॅरव्हानच्या उरलेल्या रकमेतले थोडे आणखी शेअर घेतले, आणि या वेळी विचारलं नाही. डोरीनला कळल्यावर ती आठवडाभर त्याच्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलली. "तुझ्या मालकाला सांग, जेवण वाढलंय."

कंपनीची वार्षिक सभा अ‍ॅडलेडला होती. भागधारकांना बोलावणं आलं. आयव्हर बसनं निघाला तेव्हा डोरीनही पर्स घेऊन दारात उभी.

"तू कशाला?"

"माझी कॅरव्हान कुठं गेली ते बघायला."

हॉटेलच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, मागं सँडविचेस आणि चहा. बहुतेक माणसं त्यांच्याच वयाची. व्यासपीठावर अध्यक्ष आणि शेजारी थुई. ती आता टोपीखाली नव्हती, आणि थकली होती; कानशिलाजवळ पांढरं दिसत होतं. प्रश्न सुरू झाले तसा आवाज चढला. मोत्यांची माळ घातलेली एक उंच बाई उठून म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या आजारपणासाठी ठेवलेले पैसे मी यात घातले. उपग्रहवाले आल्यावर तुमचं काय होणार ते मला सरळ सांगा." थुईनं सरळ सांगितलं. उपग्रहाचा डबा महाग, बॅटरी खाणारा. आपल्याला जागा आहे असं मला वाटतं. पण खात्री देता येत नाही. बाई खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं आणि ते कुणी होऊही शकलं नसतं.

डोरीनला काय होतंय ते कळायच्या आत आयव्हर उठून माइकपाशी गेला होता. टोपी त्याच्या दोन्ही हातांत होती.

"माझं नाव आयव्हर ट्रेझाइझ. तुमचा डबा आला आणि माझी नोकरी गेली."

अध्यक्षांचा चेहरा पडला. थुईनं डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

"तक्रार नाही," आयव्हर घाईनं म्हणाला. "मी पहिल्यापासून शेअर धरून आहे आणि धरणार आहे. मला दुसरंच विचारायचंय. टाकीवरून निरोप निघतो आणि घरी पोचतो. मधल्या वेळात तो असतो कुठं?"

मागं कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "हा प्रश्न आजच्या विषयांत बसत नाही..."

"मी उत्तर देते," थुई म्हणाली. ती उभी राहिली. हातातले कागद तिनं टेबलावर ठेवून दिले.

"तो सगळीकडे असतो, आयव्हर. वाटेनं येत नाही तो. काडनाहून निघतो आणि एकदम चहूकडे पसरतो, उजेडाच्या वेगानं. झुडपांतून जातो, गुरांच्या अंगातून जातो, तुमच्याही. त्यातला कणभर आपल्या खांबाला सापडतो. आणि वर जातो त्याला तर अडवणारंच कुणी नाही. त्या दिवशी तुम्ही काठीनं फ्लोट दाबलात ना? ते अजून चाललंय." ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं. "सहा वर्षं होत आली. म्हणजे सूर्य सोडून आपल्याला सगळ्यात जवळ जो तारा आहे, त्याच्याही पुढं गेलं ते. आता ते इतकं विरलंय की कुणालाच कधी ऐकू येणार नाही. पण आहे. गणितानं मी हे फळ्यावर मांडून दाखवीन. पण मला ते समजलंय का विचाराल, तर अजून नाही. मी रोज हेच काम करते, आणि अजून नाही."

 आयव्हर तसाच उभा होता. काडनाची शिडी, हातातली सुकी काठी, मेलेल्या गुरांच्या जागेवरची ती टाकी. आपली ती दाब-सोड ताऱ्यांपलीकडे!  मान हलवून तो जागेवर येऊन बसला. डोरीननं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं फक्त त्याच्या मांडीवरची टोपी नीट केली.

चहाच्या वेळी ती मोत्यांची माळवाली बाई आयव्हरजवळ आली. "छान विचारलंत. पण मी उद्या विकणार आहे."

"विका की," आयव्हर म्हणाला. "तुमचा नवरा आजारी आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही विकले असते."

तेवढ्यात थुई गर्दीतून वाट काढत आली, पण आयव्हरकडे नाही, डोरीनकडे. "कणिक!" ती म्हणाली. "तुम्हीच ना? आमच्या डब्याचा बाहेरच्या जगातला पहिला निरोप ज्यांनी वाचला त्या तुम्ही. मी ही गोष्ट आमच्या कामावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते."

"मी? मी तर पाव भाजत होते," डोरीन म्हणाली आणि लाल झाली.

थुई त्यांना आपल्या कारखान्यात घेऊन गेली. तिथं एक खोली होती, जाड लोखंडी दाराची. आत भिंतींवर, छतावर, सगळीकडे काळ्या मऊ सुळक्यांची दाटी, एखाद्या प्रचंड जनावराच्या आतल्या बाजूला उभं राहिल्यासारखं. मधोमध टेबलावर एक यंत्र आणि त्याचा पडदा. दार बंद झालं तशी डोरीननं आयव्हरचा कोपर धरला. आवाजसुद्धा जिथल्या तिथं मरत होता. पडद्यावर सपाट रेघ.

"इथं बाहेरचं काही येत नाही," थुई म्हणाली. "कुठलीही लहर नाही. असं ठिकाण पृथ्वीवर सहज सापडायचं नाही, मुद्दाम करावं लागतं. आता बघा हं."

तिनं दार उघडलं. हातभरच. पडद्यावरची रेघ एकदम उसळली. सुळकेच सुळके, दाट, एकमेकांवर चढलेले, लवलवणारे.

"हे फोन," थुई बोटानं दाखवत गेली. "ही विमानं. ही टॅक्सीवाल्यांची बोलणी. हा कुणाच्या तरी गॅरेजचा दरवाजा उघडला. आणि हे इथं खाली, गवतासारखं दिसतंय ना, त्या खरखरीत आमचे डबे. कुठल्या कुठल्या टाक्या, मीटर, बागा. बोलतायत."

"हे सगळं... आपल्या अंगातून?" डोरीननं विचारलं.

"आत्तासुद्धा."

डोरीननं नकळत स्वेटरची सगळी बटणं लावून घेतली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आयव्हरनं इतक्या वर्षांत तिला असं एकदाच बघितलं होतं, मुलगी झाली तेव्हा. "मला वाटायचं मुलक्काला काहीच नाही," ती म्हणाली. "नुसतं मोकळं आभाळ. रिकामं." तिनं थुईला विचारलं, "पुन्हा करतेस का?"

थुईनं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. त्या दोघांची बस सुटायची वेळ जवळ येईपर्यंत ती दार लावत आणि उघडत राहिली.

परतीच्या वाटेवर पोर्ट ऑगस्टा जवळ आल्यावर डोरीन म्हणाली, "अजून चिडलेय मी. न विचारता घेतलेस ते."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी विचारायचं."

"बरं."

"आणि कॅरव्हानचं राहू दे. आपला तंबू आहे तो कुठं फाटलाय."

त्या हिवाळ्यात ती दोघं तंबू घेऊन पश्चिमेच्या किनाऱ्यानं फिरून आली. चार ठिकाणी पावसानं झोडपलं, आणि डोरीननं त्याचा उद्धार चारही ठिकाणी केला.

कोरेलाचं पुढं काय झालं म्हणाल तर बुडाली नाही आणि सोन्याची खाणही झाली नाही. दोन मोठी कामं मिळाली, शेअर चढला, आयव्हरनं घेतला होता त्याच्याही बराच वर गेला. एक काम रद्द झालं, तो घसरला. उपग्रहवाल्यांनी भाव कमी केले, तो आणखी घसरला. मग थुईनं उपग्रहाशीही बोलणारा डबा काढला, आणि पुन्हा चढण सुरू झाली. वाऱ्याच्या दिवशी दोरीवरच्या चादरीसारखं त्याचं चाललेलं असतं.

गेल्या मार्चमध्ये बाजारानं पुन्हा एकदा दणका दिला. भर दुपारी आल्फ धापा टाकत दारात आला. दोघं गार मटण आणि टोमॅटो घेऊन जेवायला बसली होती.

"बघितलंत का? सगळं कोसळलं! कोरेला तर विचारूच नका. आयव्हर, अजून वेळ आहे, दोन तासांत बाजार बंद होईल, मी लगेच..."

आयव्हरनं तोंड उघडायच्या आत डोरीननं तिसरी ताटली मांडली.

"आल्फ, बस आधी. घाम पूस. आम्हाला विकायचे नाहीत."

आल्फनं आयव्हरकडे बघितलं. आयव्हरनं डोरीनकडे बघितलं आणि हातातला टोमॅटो हळूच खाली ठेवला.

"आम्हाला?" आल्फ म्हणाला.

"आम्हाला. परवा फोन केला होता मी मुलक्काला. काडनाला टाकी काठोकाठ भरलीय. मोहरी हवी का?"

आल्फ बसला. मटणाचा तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिला.

"मला एक सांगा," तो शेवटी म्हणाला. "हा जाणार तरी कुठवर?"

"शेअर? काही कल्पना नाही," आयव्हर म्हणाला.

"मग काय बघून धरून बसलायत?"

दोघं एकदमच काहीतरी सांगायला लागली आणि दोघंही एकदमच थांबली. मग डोरीन उठली, ओट्यावरून पातेलं आणि काठीऐवजी लाकडी उलथनं आणलं, आणि आल्फला म्हणाली, "हे बघ, ही समज टाकी."

आल्फनं ते सगळं ऐकून घेतलं. जाताना फाटकापाशी थांबून त्यानं वर बघितलं, टोपी मागं सारली आणि स्वतःशीच म्हणाला, "च्यायला." दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार आणखी थोडा पडला होता. आल्फनं बेकरीत क्वान्डाँगचा पाय मागवला, कॉम्प्युटर उघडला, आणि कोरेलाचे शेअर थोडेसेच, पण या वेळी पडत्या भावात, घेतले.